इंडक्शन शेगडी : तापते भांडे, वाढते बिल आणि राहते भाकरी

सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने अनुदानित गॅस सिलिंडरची संख्या कुटुंबामागे वर्षाला सहावर आणली आणि शहरांतील गृहोपयोगी वस्तूंच्या दुकानांत इंडक्शन शेगडीला एकाएकी मागणी आली. जानेवारी २०१३ मध्ये ही मर्यादा नऊवर आणि २०१४ च्या आरंभी बारावर गेली, त्यामुळे गृहिणींची धास्ती ओसरली. शेगडी मात्र घरात आली ती आलीच. काही घरांत ती आजही सकाळच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत राबते आहे. काही घरांत ती माळ्यावर, मूळ खोक्यात, थर्माकोलसह विसावली आहे. एकाच वस्तूच्या नशिबी असे दोन टोकांचे भोग का यावेत, याचे उत्तर तिच्या जाहिरातीत सापडत नाही. ते तिच्या कार्यपद्धतीत आहे, घरातील भांड्यांत आहे आणि मुख्यतः विजेच्या बिलावरील टप्प्यांत आहे.

शेगडी न तापता

इंडक्शन शेगडीबाबत पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही, की ती स्वतः तापत नाही. तापते ते भांडे. गॅसच्या शेगडीत ज्योत तापते, ज्योतीने भांडे तापते आणि बरीचशी उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाऊन ओटा, भिंत आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती यांना तापवते. जुन्या धर्तीच्या विजेच्या शेगडीत आधी तार तापते, मग भांडे. इंडक्शनमध्ये हा मधला टप्पाच नाही.

काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली तांब्याच्या तारेचे चपटे वेटोळे असते. घरात येणारा वीजप्रवाह सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो. शेगडीतील इलेक्ट्रॉनिक मंडल तो सेकंदाला २० हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा करून या वेटोळ्यातून खेळवते. त्यामुळे वेटोळ्याभोवती तितक्याच वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात लोखंडाचे भांडे आले की भांड्याच्या बुडातच भोवऱ्यासारखे फिरणारे वीजप्रवाह उत्पन्न होतात आणि लोखंडाच्या विरोधामुळे त्यांचे उष्णतेत रूपांतर होते. हे सारे बुडाच्या अगदी पातळ थरात, मिलिमीटरच्या अंशात घडते. भांडे उचलले की उष्णतानिर्मिती तत्क्षणी थांबते.

यामागचे विज्ञान नवे नाही. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये लावला. धातूत निर्माण होणाऱ्या भोवरी प्रवाहांचा शोध १८५५ मध्ये लावण्याचे श्रेय फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑन फुको यांना दिले जाते. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागाने या तत्त्वावरील शेगडीचे प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हा शेगडी आणि पातेले यांच्यामध्ये चक्क वर्तमानपत्र ठेवून पाणी उकळून दाखवण्यात आले होते. वर्तमानपत्राचा इतका निरुपद्रवी उपयोग क्वचितच झाला असेल. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी वेस्टिंगहाउस कंपनीने घरगुती शेगडी बाजारात आणली, पण ती सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. मोठा विद्युतभार अतिवेगाने चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यानंतरच ही शेगडी मध्यमवर्गीय ओट्यावर पोहोचू शकली.

मायक्रोवेव्हशी तिची गल्लत सर्रास होते. मायक्रोवेव्ह भट्टीत २४५० मेगाहर्ट्‌झच्या लहरी थेट अन्नातील पाण्याच्या रेणूंना तापवतात. इंडक्शनची वारंवारिता त्याच्या हजारो पटींनी कमी असते आणि अन्नाशी तिचा थेट संबंध येत नाही. अन्न शिजते ते तापलेल्या भांड्यामुळे, जसे चुलीवर शिजते तसेच.

चुंबक घेऊन बाजारात

भांडे तापते म्हटल्यावर भांडे कोणते, हा प्रश्न आपसूकच आला. पुष्कळ घरांची पहिली निराशा इथेच होते. लग्नात आलेली हिंडालियमची पातेली, तांब्या-पितळेची जुनी भांडी, ॲल्युमिनियमचा कुकर, मातीचे मडके यांपैकी काहीही इंडक्शनवर चालत नाही. तांबे आणि ॲल्युमिनियम हे विजेचे इतके चांगले वाहक आहेत की या वारंवारितेला त्यांच्यात पुरेशी उष्णताच निर्माण होत नाही. शेगडी असे भांडे ओळखते, शिटी वाजवते आणि बंद पडते.

स्टीलबाबत तर अधिकच गोंधळ. घरात स्टीलची भांडी आहेत म्हणजे काम भागले, असे अनेकांना वाटते. परंतु स्वयंपाकघरातील बरेच चांगले स्टील हे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले असते आणि ते चुंबकाला फारसे दाद देत नाही. निकेल नसलेले, कमी किमतीचे स्टील चुंबकाला चिकटते. म्हणजे जे भांडे एरवी दुय्यम मानले जाते, तेच इथे उपयोगी पडते. यावर उपाय म्हणून उत्पादक आता चांगल्या स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्याला खालून चुंबकीय स्टीलची चकती जोडतात. त्यालाच बाजारात ‘इंडक्शन बेस’ म्हणतात.

परीक्षा सोपी आहे. फ्रिजच्या दारावरचे चुंबक भांड्याच्या बुडाला लावून पाहावे. घट्ट चिकटले तर भांडे चालेल. निसटते चिकटले तर तापेल, पण रडतखडत. नवे भांडे घेताना चुंबक खिशात घालून जाण्यात संकोच बाळगू नये. केवळ कडेला किंवा बुडाच्या मध्यभागी अर्ध्या तळहाताएवढ्या वर्तुळातच चुंबक चिकटत असेल, तर तेवढाच भाग तापणार हे समजून घ्यावे.

बूड सपाट हवे, हीदेखील अट आहे. खोलगट कढई आणि मध्ये किंचित खोल असलेला आपला तवा यांचा काचेशी संपर्क जेमतेम राहतो. वेटोळ्यापासून बूड जितके दूर, तितका चुंबकीय पकड कमी. बुडाचा व्यासही फार लहान चालत नाही. साधारण १२ सेंटिमीटरहून लहान बूड बहुतेक शेगड्या ओळखतच नाहीत. फोडणीची लोखंडी कढली चुंबकाला कितीही चिकटत असली, तरी ती ठेवल्यावर शेगडी भांडे नसल्याचा निर्वाळा देते तो यामुळेच. फोडणी मग मोठ्या भांड्यात करावी लागते आणि चमचाभर तेलाऐवजी तीन चमचे लागते. डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलेल्या घरात हा मुद्दा क्षुल्लक नाही.

जुनी भांडी वापरता यावीत म्हणून मध्ये ठेवायची लोखंडी तबकडीही विकली जाते. ती घेऊ नये. आधी तबकडी तापते, मग भांडे. म्हणजे इंडक्शनचा मूळ फायदाच गेला. शिवाय लालभडक झालेली तबकडी खालची काच आणि मंडल दोन्हींना घातक ठरू शकते. ज्यांना भांडी बदलायचीच नाहीत, त्यांच्यासाठी इन्फ्रारेड शेगडी हा पर्याय आहे. ती दिसायला इंडक्शनसारखीच असते आणि दुकानात तिच्या शेजारीच मांडलेली असते, पण तिच्या काचेखाली विद्युत तार तापून लाल होते. कोणतेही भांडे चालते. मात्र काच भाजण्याइतकी तापते आणि वीजही अधिक खाते. दोन्हींतला फरक न कळल्याने चुकीची शेगडी घरी आणणारे ग्राहक कमी नाहीत.

काय जमते, काय नाही

पाण्याचा संबंध असलेल्या प्रत्येक पदार्थात इंडक्शनचा हात कोणी धरू शकत नाही. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणण्यासाठी ७५ किलोकॅलरी, म्हणजे एक युनिटाच्या अकराव्या-बाराव्या हिश्शाएवढी ऊर्जा लागते. २००० वॉटची शेगडी हे काम तीन मिनिटांच्या आसपास करते. चहा, भात, अंडी उकडणे, भाज्यांचे सूप, इडली, उकडीचे मोदक वाफवणे या साऱ्यांत ती गॅसला मागे टाकते.

कुकरच्या बाबतीत मात्र जुन्या सवयी आड येतात. आपल्याकडे डाळ मिनिटांवर नव्हे, शिट्ट्यांवर शिजते. पूर्ण शक्तीवर ठेवलेल्या इंडक्शनवर पहिली शिट्टी लवकर होते आणि पुढच्या शिट्ट्या पाठोपाठ येतात. तीन शिट्ट्या झाल्या म्हणून बंद केलेल्या कुकरात तूरडाळ कच्ची राहते आणि दोष शेगडीला मिळतो. पहिल्या शिट्टीनंतर शक्ती कमी करून घड्याळ लावणे हा त्यावरचा उपाय. डाळीला शिजायला वेळ लागतो आणि वेळ शिट्टीत मोजता येत नाही, हे गॅसवरही तितकेच खरे आहे; इंडक्शनने ते उघड केले एवढेच.

दूध तापवण्यात आणखी एक खोच आहे. स्वस्त शेगड्या मंद आचेवर खऱ्या अर्थाने मंद चालत नाहीत. साधारण ८०० ते १००० वॉटच्या खाली उतरवले की त्या काही सेकंद पूर्ण जोराने चालतात, काही सेकंद बंद राहतात आणि सरासरी कमी भरते. पातळ बुडाच्या पातेल्यात दूध मग थांबून थांबून उसळी मारते, साय फाटते आणि तळाला लागते. रबडी, बासुंदी, खव्याचे पदार्थ, चिवड्याचे पोहे मंद आचेवर भाजणे अशा कामांना जाड बुडाचे भांडे अपरिहार्य ठरते. खरेदीपूर्वी दुकानात सर्वांत कमी शक्तीवर पाणी ठेवून पाहिले, तर बुडबुडे सलग येतात की झटक्याझटक्याने, यावरून शेगडीची जात कळते. ‘डोसा’, ‘चपाती’, ‘करी’, ‘दूध’ अशी नावे असलेल्या बटणांना भुलू नये. ती बहुतांशी ठरावीक वॉट आणि ठरावीक मिनिटांची जोडणी असते. पोळी करणाऱ्याला वॉट कमी-जास्त करण्याची मुभा अधिक मोलाची.

आता भाकरी. मराठी घरात इंडक्शनची खरी परीक्षा इथे होते आणि ती पूर्णपणे उत्तीर्ण होत नाही, हे मान्य करायला हवे. भाकरीला दोन प्रकारची उष्णता लागते. आधी तव्याची आणि मग आराची. तव्यावर पाणी फिरवून एक बाजू वाळली, दुसरी भाजली, की ती थेट आचेवर टाकून फुगवायची. इंडक्शनला ज्योतच नाही. शिवाय घरगुती शेगडीतील वेटोळे तव्याच्या मानाने लहान असते. मोठा तवा ठेवला की मधला भाग करपू लागतो आणि कडा कच्च्या राहतात. लहान तव्याला साजेशी लहान भाकरी थापावी, जाड बिडाचा सपाट तवा आधी मध्यम शक्तीवर तीन-चार मिनिटे तापू द्यावा आणि शेवटी ओलसर नसलेल्या फडक्याने कडा दाबत फिरवावी, म्हणजे ती पुष्कळशी फुगते. फुलके याच युक्तीने चांगले जमतात. घडीच्या पोळीला आणि पुरणपोळीला काहीच अडचण नाही; थालीपीठ तर जाड तव्यावर छान खरपूस होते. परंतु ज्वारीच्या भाकरीला आराचा जो पापुद्रा आणि वास येतो, तो काचेवर येत नाही. भरिताचे वांगे भाजणे आणि पापड भाजणे हीदेखील कामे गॅसकडेच राहतात.

म्हणूनच ज्या घरांत इंडक्शन टिकली, तिथे बहुधा ती गॅसच्या जोडीला राहिली. ओट्यात बसवायच्या नव्या शेगड्यांत दोन गॅसचे बर्नर आणि एक इंडक्शन असा मिश्र प्रकार निघाला, तो हेच ओळखून.

सिलिंडर विरुद्ध युनिट

‘इंडक्शन स्वस्त पडते’ आणि ‘इंडक्शनने बिल भरमसाट येते’ ही दोन्ही विधाने एकाच इमारतीत ऐकू येतात आणि दोन्ही खरी असू शकतात. हिशेब थोडा किचकट असला तरी घरच्या घरी मांडता येतो.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलोपासून सुमारे १२.८ युनिट एवढी उष्णता मिळते. म्हणजे पूर्ण सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट उष्णता साठवलेली असते. ती सारी भांड्यात जात नाही. भारतीय मानकानुसार घरगुती गॅस शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. प्रयोगशाळेतील हा आकडा धरला, तर भांड्यात सुमारे १२४ युनिट पोहोचतात. इंडक्शनची कार्यक्षमता साधारणपणे ८५ टक्के धरली जाते. तेवढीच उष्णता भांड्यात पोहोचवायला तिला सुमारे १४५ युनिट वीज लागेल. घरातील वास्तव थोडे वेगळे असते. बर्नरची भोके अन्नाने बुजलेली, लहान पातेल्याच्या कडेने ज्योत बाहेर आलेली, खिडकीतून वारा येत असलेला. अशा वेळी गॅसची कार्यक्षमता ५५ टक्क्यांवर उतरली असे मानल्यास तोच सिलिंडर सुमारे ११८ युनिटांच्या बरोबरीचा ठरतो. तेव्हा ढोबळमानाने एक सिलिंडर म्हणजे १२० ते १४५ युनिट.

एप्रिल २०२५ मधील दरवाढीनंतर मुंबईत घरगुती सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना मिळत होता. हा दर घेतला तर भागाकार सोपा आहे. विजेचा दर युनिटामागे सुमारे ५ रुपये ९० पैशांहून कमी असेल तर इंडक्शन निश्चित स्वस्त, सव्वासात रुपयांहून अधिक असेल तर गॅस स्वस्त आणि मधल्या पट्ट्यात घरोघरीच्या सवयींवर अवलंबून. सिलिंडरचा दर बदलला की नव्या किमतीला १४५ आणि ११८ या दोन आकड्यांनी भागावे, नव्या सीमारेषा मिळतील.

पण कोणता वीजदर धरायचा? इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढून उपयोग नाही. महाराष्ट्रात घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते. महावितरणच्या दरपत्रकात पहिली १०० युनिटे स्वस्त आणि १०१ ते ३०० या टप्प्यातील युनिटे बरीच महाग असतात. त्यापुढील टप्पे आणखी चढे. घरातील दिवे, पंखे, फ्रिज आणि दूरचित्रवाणी संच स्वस्त टप्पा आधीच वापरून टाकतात. इंडक्शनचे प्रत्येक युनिट त्यावर चढते, म्हणजे ते वरच्या टप्प्याच्या दरानेच पडते. एखाद्या कुटुंबाला सिलिंडर ४० दिवस पुरत असेल आणि त्यांनी सारा स्वयंपाक इंडक्शनवर नेला, तर महिन्याला सुमारे ९० ते ११० युनिटांची भर पडेल. महिन्याला ९० युनिटे वापरणारे घर त्यामुळे २०० च्या आसपास पोहोचते आणि ही वाढ जवळपास पूर्णपणे महागड्या टप्प्यात बसते. उलट, एकट्याने राहणारा, दिवसा कार्यालयात असणारा आणि महिन्याला ४०-५० युनिटांत भागवणारा भाडेकरू सकाळचा चहा-नाश्ता आणि रात्रीचा भात इंडक्शनवर करून पहिल्या टप्प्यातच राहू शकतो. पुण्यात शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आलेल्या तरुणांच्या खोल्यांत ही शेगडी रुजली, ती गॅसजोडणीसाठी लागणाऱ्या कागदपत्रांचा त्रास टळतो म्हणून. पण तिथे ती परवडतेही. अर्थात, वसतिगृहांत आणि काही घरमालकांकडे तिला बंदी असते, हे सामान आणण्याआधी विचारून घेतलेले बरे.

वीजबिलावर त्या-त्या टप्प्याचा ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क वेगवेगळे छापलेले असतात. शेवटच्या टप्प्यातील युनिटामागे या साऱ्यांची बेरीज हाच इंडक्शनचा खरा दर. मुंबईत वीजपुरवठादार एकाहून अधिक असल्याने शेजारच्या उपनगरातील नातेवाइकाचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असे नाही. पाइपद्वारे गॅस येणाऱ्या घरांनी हाच हिशेब घनमीटरच्या दराने करावा. त्यांना सिलिंडर संपण्याची चिंता नसल्याने इंडक्शनची निकड एरवीही कमी असते.

गॅसवरील अनुदान बहुतांश शहरी ग्राहकांच्या खात्यात २०२० च्या मध्यापासून जवळपास जमाच होईनासे झाले. त्यामुळे २०१२ मधील ‘अनुदानित की विनाअनुदानित’ हा पेच त्या ग्राहकांपुरता उरला नाही. सरकारचा कल मात्र विजेकडे झुकलेला दिसतो. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक आयात करावा लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘गो इलेक्ट्रिक’ मोहिमेच्या प्रारंभी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी गॅसऐवजी विजेवर चालणाऱ्या स्वयंपाकाच्या साधनांना अनुदान का देऊ नये, असा विचार मांडला होता. २०२३ मध्ये ‘ईईएसएल’ या सार्वजनिक कंपनीने २० लाख इंडक्शन शेगड्या वितरित करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. गच्चीवर सौरपॅनेल असलेल्या घरांचे गणित तर पूर्णतः निराळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. अशा घरात उरणारी युनिटे स्वयंपाकात वापरणे शहाणपणाचे ठरते.

पर्यावरणाच्या नावाने इंडक्शन विकली जाते, तेव्हा मात्र विक्रेत्याला थांबवायला हवे. भारतातील वीज अजूनही मोठ्या प्रमाणात कोळशापासून बनते आणि राष्ट्रीय जाळ्यातील प्रत्येक युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १४५ युनिटांमागे तो १०० किलोच्या घरात जातो. एका सिलिंडरमधील गॅस जाळल्यास सुमारे ४२ किलो. म्हणजे धूर आपल्या खिडकीतून न जाता चंद्रपूरच्या धुराड्यातून जातो, आणि अधिक जातो. सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढेल तसे हे चित्र बदलेल.

घरातील हवेचा फायदा मात्र निर्विवाद आहे. ज्वलनच नसल्याने कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ओट्याशी तयार होत नाहीत. फोडणीचा ठसका आणि तळणाचा धूर राहतोच, त्यामुळे खिडकी उघडी हवी. परंतु एक सुख असे आहे, की जे गॅससमोर उभे राहणाऱ्या पिढ्यांना कधी मिळाले नाही. ज्योत विझण्याची भीती नसल्याने मे महिन्यातही पंखा लावून पोळ्या लाटता येतात. वृद्ध एकटे राहत असतील, विसरभोळेपणा वाढला असेल, तर गॅसची गळती नाही आणि ठरावीक वेळेनंतर शेगडी आपोआप बंद होते, या दोन गोष्टींचे मोल रुपयांत काढता येणार नाही.

भिंतीतली तार

शेगडी घेताना रंग आणि बटणे पाहिली जातात. प्लग कोणी पाहत नाही. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टला जवळपास ८.७ ॲम्पिअर प्रवाह ओढते. मिक्सरसाठी असलेले लहान सॉकेट ६ ॲम्पिअरचे, म्हणजे फार तर १३८० वॉटचे असते. त्यामुळे इंडक्शनला गीझरसाठी असते तसे १६ ॲम्पिअरचे मोठे सॉकेटच हवे. मोठ्या प्लगला अडॅप्टर लावून लहान सॉकेटात खुपसणे किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर फ्रिजशेजारी शेगडी जोडणे हे आगीला निमंत्रण होय. काही दिवस काहीच होत नाही. मग सॉकेटची भोके तपकिरी पडतात, जळका वास येतो आणि एका रात्री वितळलेले प्लॅस्टिक तारांना चिकटते.

जुन्या चाळींतून आणि वाड्यांतून हा धोका अधिक. तेथील वायरिंग दिवे-पंखे लक्षात घेऊन झालेले असते, अर्थिंग नावापुरते असते आणि स्वयंपाकघराला स्वतंत्र तार नसते. परवानाधारक तंत्रज्ञाकडून मीटरपासून स्वतंत्र जाड तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी आणि गळती ओळखणारा आरसीसीबी बसवून घेण्याचा खर्च शेगडीच्या किमतीहून अधिक होऊ शकतो. तरीही तो टाळू नये. सकाळी गीझर, इंडक्शन आणि इस्त्री एकदम लागली तर पाच-सहा किलोवॉटचा भार होतो. वीजबिलावर मंजूर भार किती लिहिला आहे, तेही पाहून घ्यावे. ओट्यात बसवायच्या तीन-चार जागांच्या इंडक्शन शेगडीला तर सात किलोवॉटपर्यंत वीज लागते आणि तिच्यासाठी ३२ ॲम्पिअरची स्वतंत्र जोडणी करावी लागते. फर्निचर करणाऱ्या सुतारावर हे सोपवून चालणार नाही.

भारनियमनाच्या वर्षांत, २००५ नंतर, मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राने जे भोगले ते आठवणारी घरे गॅस सोडायला सहसा तयार होत नाहीत आणि त्यांचे चुकते असे म्हणता येणार नाही. घरातील साधा इन्व्हर्टर ही शेगडी पेलू शकत नाही.

वापरताना

शेगडी तापत नाही, हे खरे असले तरी काच तापते, कारण तापलेले भांडे तिच्यावर बसलेले असते. भांडे उचलल्यावर लगेच हात टेकवू नये. स्वयंपाक आटोपल्यावर आतला पंखा काही मिनिटे फिरत राहतो. तो थांबेपर्यंत प्लग काढू नये, अन्यथा आतल्या भागांतील उष्णता तेथेच कोंडते. पंख्याची जाळी भिंतीला टेकवून ठेवली किंवा खाली प्लॅस्टिकचा मेणकापड घातला, तर हवा खेळत नाही आणि शेगडी मध्येच बंद पडते. मुंबई-पुण्याच्या दमट स्वयंपाकघरांत बिघाडाचे आणखी एक कारण असते, ते म्हणजे झुरळ. ऊबदार आणि अंधारी जागा म्हणून ते पंख्याच्या वाटेने आत शिरते आणि मंडलावर शेवटचा श्वास घेते. महिन्यातून एकदा जाळी कोरड्या ब्रशने साफ करावी आणि वापर नसताना शेगडी उभी झाकून ठेवावी.

रिकामे भांडे पूर्ण शक्तीवर ठेवणे सर्वांत धोक्याचे. पातळ बुडाचा नॉनस्टिक तवा थोड्याच वेळात इतका तापतो की त्यावरील थर खराब होऊ लागतो. हा थर २६० अंशांपलीकडे टिकत नाही. तळणाचे तेलही लक्ष नसताना पेट घेऊ शकते. शेगडीवर दिसणारा तापमानाचा आकडा तेलाचा नसतो, काचेखालच्या संवेदकाचा असतो आणि तो मागे राहतो. पाक किंवा दूध सांडले तर आधी शेगडी बंद करून मगच, काच कोमट झाल्यावर पुसावे. बिडाचा तवा काचेवर घासत सरकवू नये. ओरखडे पडतात आणि तडा गेलेल्या काचेतून पाणी थेट विजेपर्यंत जाते. तडा गेला की वापर त्याच दिवशी थांबवावा. कुकरचे बूड बारीक गुणगुणत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. चकतीचे थर चुंबकीय क्षेत्रात थरथरल्याने तो आवाज येतो.

हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी चालू शेगडी आणि पेसमेकर यांत किमान ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांचे अंतर राखावे, असा सल्ला दिला जातो. ओट्यापाशी वाकून फोडणी परतताना एवढे अंतर राहत नाही. अशा व्यक्तीने स्वयंपाक करायचा असेल, तर शेगडी खरेदी करण्यापूर्वीच आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे. काचेवर बँकेचे कार्ड, मनगटी घड्याळ किंवा चमचे ठेवण्याची सवयही लावून घेऊ नये.

खरेदीच्या वेळी पावती आणि हमीपत्र यांच्या बरोबरीने काच हमीत मोडते की नाही, हे लेखी विचारावे. पुष्कळ कंपन्या ती वगळतात. विजेचा दाब खालीवर होणाऱ्या भागात तो किती व्होल्टपर्यंत चालतो, हे शेगडीच्या मागील पट्टीवर पाहावे. आणि सोबत ‘मोफत’ मिळणारे भांडे दुकानातच चुंबकाने तपासून घ्यावे.